आधी पोटोबा, मग दुओमो

इटलीच्या सहलीत रोम आणि व्हेनिसच्या मधे फ्लॉरेन्सला दोन रात्री टाकायच्या, हा बेत आता आपल्याकडे चांगला रुळला आहे. बेत योग्यच आहे. रोमहून वेगवान गाडीने फ्लॉरेन्स दीड तासावर, व्हेनिसहून दोन-सव्वादोन तासांवर. जुनं शहर तर एवढं आटोपशीर, की सांता मारिया नोव्हेल्ला या मुख्य स्टेशनातून बाहेर पडून दहा मिनिटं चाललं की दुओमो या कॅथेड्रलचा विटकरी घुमट डोक्यावर येतो. तिथून सिन्योरिया चौक सात-आठ मिनिटं, त्याच्या पलीकडे लगेच आर्नो नदी. नकाशावर हे बघितलं की घरातला उत्साही माणूस वही काढतो आणि दोन दिवसांत डझनभर ठिकाणं बसवून मोकळा होतो.

घोळ तिथेच होतो. फ्लॉरेन्समध्ये कुटुंबाचा दिवस नासतो तो चार चित्रं कमी पाहिल्यामुळे नव्हे. दुपारी साडेतीनला मुलं भुकेने कावलेली असतात, आजोबांचे पाय बोलायला लागलेले असतात आणि समोरच्या खानावळीचं स्वयंपाकघर तासाभरापूर्वी बंद झालेलं असतं. त्यामुळे बेत उलट्या टोकाने आखावा: आधी जेवणाच्या वेळा, मग मुक्काम, शेवटी तिकिटं.

वेळा अशा. साध्या घरगुती खानावळीला इथे त्रात्तोरिया म्हणतात. तिथे दुपारचं जेवण साडेबाराला सुरू होतं आणि अडीचच्या सुमाराला शेवटची ऑर्डर घेतात. त्यानंतर संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत चूल पेटत नाही. मधल्या वेळात दिवसभर उघडी राहणारी जी हॉटेलं चौकाचौकांत दिसतात, ती मुख्यतः पर्यटकांच्या जिवावर चालतात आणि तिथलं जेवण बहुतेक वेळा तसंच असतं. बारा वाजून गेल्यावर "आणखी एक म्युझियम करून मग जेवू" हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये. साडेबाराला टेबलावर बसावं, अडीचला उठावं, मुक्कामी जाऊन तासभर आडवं व्हावं आणि पाचला पुन्हा बाहेर पडावं. उन्हाळ्यात तर याला पर्यायच नाही, कारण शहर डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात वसलेलं आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी अक्षरशः भाजून निघतं.

हे जमायचं तर मुक्काम चालण्याच्या अंतरात हवा. शहराबाहेरचं स्वस्त हॉटेल घेतलं की दुपारची विश्रांती गेली, म्हणजे अर्धी सहल गेली. सान लोरेंझो, सांता क्रोचे किंवा स्टेशन आणि दुओमो यांच्या मधला भाग सोयीचा. नदीपलीकडचा ओल्त्रार्नो भाग थोडा शांत आणि माझ्या मते जास्त देखणा. खोली ठरवण्याआधी एक प्रश्न मात्र न चुकता विचारा: लिफ्ट आहे का, आणि ती कोणत्या मजल्यापासून? या इमारती चार-पाचशे वर्षांच्या आहेत. काही ठिकाणी लिफ्टपर्यंत पोचायलाच वीस पायऱ्या चढाव्या लागतात, आणि लिफ्टमध्ये दोन माणसं किंवा एक माणूस आणि एक बॅग एवढीच जागा असते. रस्ते दगडी फरशांचे, त्यामुळे चाकांच्या मोठ्या बॅगा ओढताना हात भरून येतात. सामान कमीच न्यावं. घरच्या मोठ्यांना दिलासा देणारी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: इटलीत घराच्या निदान एका न्हाणीघरात बिदे असलाच पाहिजे असा नियम १९७५ पासून आहे. युरोपच्या सहलीत इतरत्र जी कुचंबणा होते, ती इथे फारशी होत नाही.

चार-पाच माणसं असतील तर स्वयंपाकघर असलेलं छोटं घर भाड्याने घेणं हॉटेलपेक्षा परवडतं. कोनाद, कोऑप यांसारख्या दुकानांत तांदूळ, साधं दही, काकडी, टोमॅटो सगळं मिळतं. दुसऱ्या रात्री आजींना दहीभात मिळाला की तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा उत्साहाने चालतात. परदेशात येऊन दहीभात काय खायचा, असं म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावं. मुक्कामावर माणशी, दर रात्रीमागे पालिकेचा पर्यटन कर लागतो. तो बुकिंगच्या रकमेत धरलेला नसेल तर जागेवर भरावा लागतो. बारा वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे.

विमानाने आलात तर विमानतळावरून टी-२ ही ट्राम वीसेक मिनिटांत स्टेशनाजवळ सोडते. भाड्याची गाडी घेऊन मात्र जुन्या शहरात शिरू नका. तिथे परवान्याशिवाय वाहनांना मज्जाव आहे, वेशीवर कॅमेरे आहेत, आणि दंडाची पावती कित्येक महिन्यांनी घरच्या पत्त्यावर येते. आसपासच्या तस्कनी प्रांतातल्या टेकड्यांत फिरायला गाडी हवी असेल तर फ्लॉरेन्स सोडण्याच्या दिवशी घ्यावी.

दिवसाला एकच मोठं पाहणं

दोन दिवसांत दोन म्युझियम: एक उफीत्सी, एक अकादेमिया. दोन्ही एका दिवशी करू नका. दोन्ही सोमवारी बंद असतात, तेव्हा रविवार-सोमवार असा मुक्काम असेल तर आधी तारखा बदला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियममध्ये प्रवेश फुकट असतो, म्हणूनच मुलांना घेऊन त्या दिवशी तिथे जाऊ नये. रांगेत पाय मोडतात.

तिकिटं वेळेसकट आधी काढावीत, आणि ती अधिकृत संकेतस्थळावरूनच. शोध घेतला की अधिकृत वाटावीत अशी मध्यस्थांची पानं वर येतात आणि दुपटीच्या आसपास पैसे घेतात. उफीत्सीचं प्रौढांचं तिकीट साधारण २५ युरो, आणि आरक्षणाचे वर ४. इटलीच्या सरकारी म्युझियममध्ये अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना प्रवेश मोफत आहे, मग ती कोणत्याही देशाची असोत. मुलांच्या नावानेही वेळ मात्र राखून ठेवावी लागते आणि दाराशी पासपोर्ट दाखवावा लागतो. त्यामुळे शहराचं तीन दिवसांचं महागडं म्युझियम कार्ड मुलं असलेल्या कुटुंबाला सहसा परवडत नाही.

अकादेमियात सकाळी पहिल्या तासात जा. तिथे जायचं ते डेव्हिडसाठी. मायकेलअँजेलोने तो १५०१ ते १५०४ या काळात घडवला, आणि तोही आधी दोन शिल्पकारांनी हात लावून टाकून दिलेल्या संगमरवराच्या शिळेतून. उंची सतरा फूट. १८७३ साली तो सिन्योरिया चौकातून इथे हलवला. चौकात आज जो उभा आहे, ती नक्कल. बहुतेक लोक समोर उभे राहून फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही बाजूने जा आणि उजवा हात बघा. शरीराच्या मानाने तो मोठा आहे, मनगटावरून खाली उतरणाऱ्या शिरा तटतटून फुगल्या आहेत आणि बोटं आतल्या बाजूला वळलेली आहेत. मग मागे जा. खांद्यावरून पाठीवर आलेली गोफण तिथूनच नीट दिसते. बायबलमधल्या गल्याथशी लढाई अजून व्हायची आहे, हे मुलांना आधी सांगून ठेवलं तर ती चेहऱ्यावरची आठी आपण होऊन शोधतात. पुतळा नागडा का, हा प्रश्न येणारच. उत्तर घरूनच ठरवून न्या. डेव्हिडकडे जाण्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना मायकेलअँजेलोचेच अर्धवट राहिलेले 'कैदी' आहेत. दगडात अर्धे अडकलेले देह आणि त्यांवर छिन्नीचे ओरखडे स्पष्ट दिसतात. मुलांना अनेकदा डेव्हिडपेक्षा हेच जास्त आवडतात, कारण मूर्ती 'होते' कशी ते इथे कळतं.

उफीत्सीची इमारत व्हासारीने १५६० पासून बांधायला घेतली, ती पहिल्या कोसिमो मेदिचीच्या राज्यकारभाराच्या कचेऱ्यांसाठी. इतका खजिना अजून याच गावात कसा राहिला, याचं श्रेय घराण्यातली शेवटची वारस आना मारिया लुईजा हिला आहे. मेदिचींचा संग्रह फ्लॉरेन्सबाहेर कधीच जाणार नाही, असं तिने १७३७ च्या करारात लिहून घेतलं. आत दालनांची रांग संपता संपत नाही. सगळं बघायचा हट्ट धरला तर दुसऱ्या तासाला कुणाला काहीच दिसत नाही. पाच चित्रं ठरवून न्या: बोत्तिचेल्लीची 'व्हीनसचा जन्म' आणि 'वसंत', लिओनार्दोचं 'देवदूताचा निरोप', मायकेलअँजेलोचं गोल चौकटीतलं पवित्र कुटुंब आणि ढालीवर रंगवलेली काराव्हाज्जोची मेदुसा. मुलांना त्यांचे छोटे फोटो मोबाइलवर देऊन शोधायला सोडा. दोन तासांत बाहेर पडा. प्रदर्शन वरच्या मजल्यावरून सुरू होतं आणि जिना दमवणारा आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी दाराशीच लिफ्ट मागून घ्यावी, ती मिळते.

दुओमोचं प्रकरण वेगळं. कॅथेड्रलमध्ये जाणं फुकट आहे, पण खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ओढणी किंवा पातळ स्टोल जवळ असू द्यावा. रविवारी प्रार्थना असतात, त्यामुळे त्या दिवसाचा भरवसा धरू नये. ब्रुनेलेस्कीचा घुमट १४२० ते १४३६ या काळात उभा राहिला, तोही खालून लाकडी सांगाड्याचा आधार न देता. घुमट दुहेरी आहे आणि वर जाणारा जिना त्या दोन कवचांच्या मधून जातो. पायऱ्या ४६३. लिफ्ट नाही, वाट अरुंद, मधेच माघारी फिरता येत नाही. ज्यांना बंद जागेत घाबरं होतं त्यांनी हा नाद सोडावा. शेजारच्या जोत्तोच्या घंटाघराला ४१४ पायऱ्या आहेत, पण मधे थांबायला मोकळे मजले आहेत. शिवाय घुमटावर चढल्यावर घुमट दिसत नाही; घंटाघरावरून तो समोर दिसतो. लहान मुलं असतील तर मी घंटाघरालाच मत देईन. ज्यांना काहीच चढायचं नाही त्यांच्यासाठी मागच्या बाजूचं दुओमोचं म्युझियम आहे. गिबेर्तीचे मूळ सोनेरी दरवाजे तिथे आहेत. समोरच्या बाप्तिस्मागृहावर गर्दी ज्यांचे फोटो काढत असते, त्या नकला.

मुलांचं मन राखायला आणखी दोन जागा. उफीत्सीच्या मागे नदीकाठी गॅलिलिओ म्युझियम आहे. त्याच्या स्वतःच्या दुर्बिणी तिथे आहेत, आणि काचेच्या पात्रात त्याचं बोटही ठेवलेलं आहे. हे बोट आठवडाभर घरात चर्चेला पुरतं. दुसरी जागा म्हणजे नव्या बाजाराच्या कमानीखालचा ब्राँझचा रानडुक्कर, पोर्चेल्लीनो. त्याचं नाक हाताने घासघासून सोन्यासारखं झालं आहे. तोंडात नाणं ठेवायचं. ते खालच्या जाळीत पडलं तर नशीब उघडतं, आणि नाक घासलं तर आपण पुन्हा फ्लॉरेन्सला येणार, अशी समजूत. मुलांच्या हातात सुटी नाणी द्या आणि दोन मिनिटं बाजूला उभे राहा.

टेबलावर बसल्यावर

आता मुख्य विषय. रात्रीच्या जेवणासाठी साडेसातची जागा आदल्या दिवशीच सांगून ठेवा. स्थानिक लोक साडेआठनंतर येतात, त्यामुळे साडेसातला सहा माणसांचं टेबल सहज मिळतं. दारात उभं राहून आत बोलावणारा माणूस, पदार्थांचे रंगीत फोटो आणि सात भाषांतला मेन्यू, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर पुढे चालू लागा.

तस्कनीचं जेवण म्हणजे मांस, हे अर्धसत्य आहे. इथला गरीब शेतकरी घेवडा, शिळा पाव, काळपट पालेभाजी आणि ऑलिव्ह तेल यांवर जगला, आणि तेच पदार्थ आज मेन्यूवर मानाने बसले आहेत. रिबोल्लिता म्हणजे पांढरा घेवडा, 'काव्होलो नेरो' नावाची कोबीच्या कुळातली गडद पालेभाजी आणि पाव एकत्र शिजवून घट्ट केलेलं सार. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटो, लसूण, तुळशीच्या जातीतला बासिल आणि पाव. उन्हाळ्यात पांझानेल्ला, म्हणजे भिजवलेला पाव, काकडी, कांदा आणि टोमॅटो यांची कोशिंबीर. फाजोली अल्ल उच्चेल्लेत्तो हा सेज आणि टोमॅटोत शिजवलेला घेवडा पोळीशिवायही पोटभर होतो. काही पावाच्या भट्ट्यांत आणि पिझ्झाच्या दुकानांत चेचीना मिळते. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल आणि मीठ, बस; आपल्या बेसनाच्या धिरड्याची भट्टीत भाजलेली जाडसर बहीणच. अंडं, दूध काही नाही.

समजा टेबलावर आजी आहेत, त्या अंडंही खात नाहीत. मुलगा-सून कोंबडी आणि मासे खातात, पण गाय-डुक्कर नाही. नातवंडांना पिझ्झा हवा आहे. बसल्या बसल्या आजींकडे हात करून वाढप्याला सांगावं: "लेई ए वेजेतारियाना", म्हणजे या शाकाहारी आहेत, आणि पुढे: "सेन्झा कार्ने, सेन्झा पेश्शे, सेन्झा उओवा", म्हणजे मांस नको, मासा नको, अंडी नकोत. नुसतं शाकाहारी म्हटलं तर सुपाच्या तळाला मांसाचं पाणी असू शकतं, म्हणून रिबोल्लिता मागवताना "ब्रोदो दि कार्ने?" असं विचारून घ्यावं. ताजा पास्ता, म्हणजे ताल्यातेल्ले, राव्हिओली, तोर्तेल्ली हे प्रकार, अंडं घालून मळतात. सुका पास्ता, म्हणजे स्पगेत्ती, पेन्ने, सहसा अंड्याशिवाय असतो. पिची नावाच्या जाड हाती वळलेल्या शेवया बहुधा नुसत्या पीठ-पाण्याच्या असतात, तरी विचारावं. आजींसाठी स्पगेत्ती 'आल्यो, ओल्यो ए पेपेरोंचिनो' मागवा. लसूण, तेल आणि सुकी मिरची एवढाच मामला, आणि मराठी जिभेला लगेच पटतो. अंडं चालत असेल तर मुजेल्लो भागातली बटाट्याचं सारण भरलेली तोर्तेल्ली लोणी आणि सेज घालून मागवावी. न सांगता मागवली तर वर मांसाचा रस्सा येतो. कडक शाकाहारी आणि जैन मंडळींनी एक लक्षात ठेवावं: पार्मेजानो चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने लावलेलं असतं. ते नको असेल तर "सेन्झा फोर्माज्जो".

सुनेसाठी कोंबडी शोधायची तर मेन्यूवर 'पोल्लो' बघावं. 'मान्झो' आणि 'व्हितेल्लो' हे गोमांस. 'माइआले', 'प्रोशुत्तो', 'साल्सिच्चा', 'पांचेत्ता', 'लार्दो' हे सगळं डुकराचं. 'चिंग्याले' म्हणजे रानडुक्कर, आणि तस्कनीत ते पास्त्यावर सर्रास असतं. 'रागू' शब्द दिसला की त्यात बहुतेक गाय किंवा डुक्कर असणारच. सुरुवातीला येणाऱ्या क्रोस्तिनीवरचा तपकिरी लेप कोंबडीच्या काळजाचा असतो. रस्त्यावरच्या गाड्यांवर विकला जाणारा लाम्प्रेदोत्तो म्हणजे गाईच्या चौथ्या जठराचा सँडविच, आणि जगभर गाजलेली बिस्तेक्का म्हणजे गोमांसाचा किलो-सव्वाकिलोचा तुकडा, आतून लाल, किंमत वजनावर. ज्यांना हे खायचं आहे त्यांनी दोघातिघांत एक घ्यावी आणि "नीट भाजून द्या" असं सांगू नये, वाढपी दुखावतो. सुक्या मासळीची सवय असलेल्या कोकणी घरांनी बाक्काला अल्ला लिव्होर्नेजे चाखून पाहावा: खारवलेला कॉड मासा, टोमॅटोच्या रश्शात. पिझ्झा मागवताना 'पेपेरोनी' म्हणजे इथे ढोबळी मिरची, आणि 'अच्चूगे' दिसलं तर त्यावर खारवलेले छोटे मासे आहेत असं समजावं. पिझ्झा मारिनारा हे नाव समुद्राचं असलं तरी त्यावर मासाही नसतो आणि चीजही नसतं.

पाव येईल तो अळणी असेल. चूक नव्हे, तस्कनीचा पाव मिठाशिवायच भाजतात. मुलं तोंड वाकडं करतील. वर ऑलिव्ह तेल आणि मीठ घालून द्या. जेवण मिळमिळीत वाटलं तर "ओल्यो पिक्कान्ते" मागा, मिरचीचं तेल बहुतेक ठिकाणी मिळतं. लोणच्याची बाटली पिशवीत असली तरी चार लोकांच्या टेबलावर ती काढू नये, एवढं माझं जुनाट मत आहे.

बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात. हा पावाचा आणि बसण्याचा आकार. फसवणूक नाही, पण मेन्यूवर छापलेला असलाच पाहिजे. टिप देणं बंधनकारक नाही. जेवण आवडलं तर सुटे ठेवून उठावं. पाणी बाटलीचं येतं आणि त्याचे पैसे लागतात. बाहेर फिरताना मात्र नळाचं पाणी निर्धास्त प्या. सिन्योरिया चौकात नेपच्यूनच्या कारंज्याजवळ पालिकेचा नळ आहे, त्यातून साधं आणि बुडबुड्यांचं, दोन्ही पाणी फुकट मिळतं. बाटल्या तिथे भरून घ्याव्यात. कॉफी उभ्याने प्यायली तर एक दर, टेबलावर बसून प्यायली तर दुसरा, आणि मोठ्या चौकात दुसरा दर भलताच असतो. स्वच्छतागृह हवं असेल तर कुठल्याही कॅफेत उभ्याने एक कॉफी घ्यावी; दोन्ही कामं होतात.

जेवणाची वेळ टळलीच तर सेंट्रल मार्केट गाठावं. १८७४ ची लोखंड-काचेची इमारत आहे, मिलानची प्रसिद्ध गॅलरी उभारणाऱ्या मेंगोनीनेच बांधलेली. खालचा भाजी-मटणाचा बाजार दुपारी आटोपतो. वरच्या मजल्यावर खाण्याचे गाळे आहेत आणि ते रात्रीपर्यंत चालू असतात. प्रत्येकाने आपल्या आवडीचं आणावं आणि एका टेबलावर बसावं. घरात चार तऱ्हेची माणसं असतील तर भांडण मिटवायला याहून बरी जागा नाही. रस्त्यावर सँडविच खायचा असेल तर एक सांभाळा: व्हिया दे नेरी या रस्त्याच्या आसपास जेवणाच्या वेळी फुटपाथवर किंवा कुणाच्या उंबऱ्यावर बसून खायला पालिकेची मनाई आहे आणि दंड जबर आहे. चालत चालत खावं किंवा नदीकाठी जावं.

जेलातो, म्हणजे इथलं आइस्क्रीम, कुठे खावा, यावर प्रत्येकाचं मत वेगळं. ओळखायची खूण सोपी: पिस्त्याचा रंग मातकट हिरवा हवा, झगझगीत पोपटी नको, आणि डोंगरासारखा फुगवून मांडलेला तर मुळीच नको. आजींसाठी फळांचा सोर्बेत्तो असतो, त्यात सहसा दूध-अंडं नसतं.

ऋतूचं म्हणाल तर आपल्या दिवाळीच्या सुट्टीचा फ्लॉरेन्सला उत्तम मेळ बसतो. ऑक्टोबरमध्ये पोर्चिनी अळंबी आलेली असतात, चेस्टनटच्या पिठाचा कास्तान्याच्चो मिळू लागतो (साखर नाही, अंडं नाही), आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला घशाला चरचरणारं हिरवंगार नवं ऑलिव्ह तेल येतं. ऑगस्टच्या मध्यावर उलट स्थिती: चांगल्या घरगुती खानावळी सुट्टीसाठी बंद आणि रस्ते पर्यटकांनी भरलेले.

कोल्हापूरच्या राजाची जागा

मार्गदर्शक पुस्तकांत ओळभर जागाही न मिळणारं एक ठिकाण मराठी कुटुंबाने बघावं असं मला वाटतं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडचा दौरा करून परतत होते. वाटेत फ्लॉरेन्समध्ये ३० नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा एकसंध झालेल्या इटलीची राजधानी होतं. दहनाची प्रथा तिथे नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. १८७४ मध्ये त्या जागी स्मारक उभं राहिलं. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांनीच आखला. आतला पागोटं आणि दागिने ल्यालेला अर्धपुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा. फ्लॉरेन्सकर या जागेला 'इंदियानो' म्हणतात, आणि शेजारच्या मोठ्या पुलालाही तेच नाव पडलं आहे. महाराजांनी या दौऱ्यात लिहिलेली इंग्रजी रोजनिशी १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली.

स्मारक काशीने उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. टी-१ ट्रामचा काशीने थांबा पूर्वेच्या टोकाला पडतो, तिथून पुढे झाडांतून अडीच-तीन किलोमीटर सपाट चाल आहे. मुलांना घेऊन सायकलींवर जाणं उत्तम, वयस्कांसाठी टॅक्सी. मंगळवारी सकाळी याच उद्यानात मोठा आठवडी बाजार भरतो. तो आणि स्मारक एका फेरीत होतं. यासाठी दुसऱ्या दिवशीची सकाळ द्यावी लागेल आणि काहीतरी सोडावं लागेल. पिसा सोडा. जायला तासभर, यायला तासभर गाडीप्रवास, कलता मनोरा आणि त्याला हाताने टेकू दिल्याचा फोटो, एवढ्यासाठी दोन दिवसांतला अर्धा दिवस घालवणं मला पटत नाही.

संध्याकाळी एकदा १२ किंवा १३ नंबरच्या बसने पियाझ्झाले मायकेलअँजेलोला जावं. सगळं शहर, नदी आणि पूल तिथून एका नजरेत येतात. उतरताना चालत यावं, उतार सोपा आहे. खाली पोंते वेक्किओ हा पूल लागतो, १३४५ चा. त्यावर एकेकाळी खाटकांची दुकानं होती. १५९३ मध्ये मेदिची घराण्यातल्या पहिल्या फर्दिनांदोने वास आणि घाण नको म्हणून ती उठवून सोनारांना जागा दिली, ती आजतागायत. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजांनी शहरातले बाकीचे पूल उडवले, हा एक राखला. दागिन्यांचे भाव मात्र काचेबाहेरूनच वाचावेत.

खरेदीत कातडी वस्तूंचा मोह होतो. सान लोरेंझोच्या रस्त्यावरच्या टपऱ्यांवर घासाघीस चालते, पण सगळाच माल इथला नसतो. काम बघून घ्यायचं असेल तर सांता क्रोचेच्या मागची कातडी कामाची शाळा बघावी. फुटपाथवर चादर पसरून विकल्या जाणाऱ्या नामांकित बॅगा घेऊ नका. बनावट माल विकत घेणाऱ्यालाही इटलीत दंड होतो. त्यापेक्षा ऑलिव्ह तेलाचा पत्र्याचा डबा आणि निर्वात पाकिटातलं पेकोरीनो चीज घरी न्यावं. तेल चेक-इन बॅगेतच, कपड्यांत गुंडाळून.

निघण्याच्या दिवशी दहा-साडेदहाला खोली सोडावी लागते. सामान हॉटेलात नाहीतर स्टेशनातल्या सामानघरात ठेवून सांत आम्ब्रोजोच्या बाजारात जा. हा बाजार सकाळीच भरतो आणि अजून घरच्या भाजीसाठी येणाऱ्यांचा आहे. तिथे स्कियाच्चाता नावाची तेल लावलेली चपटी पावपोळी घ्या, आत भाजलेली वांगी, ढोबळी मिरची आणि चीज भरून मागा, फळं घ्या आणि सगळं बांधून घेऊन गाडी पकडा. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायला विसरू नका, नाहीतर तिकीट असूनही दंड भरावा लागतो. वेगवान गाडीत आसन ठरलेलं असतं, तिथे शिक्का लागत नाही.